चार यंत्रे, एक कळ

घरात चार माणसे असावीत आणि चौघांची तोंडे चार दिशांना असावीत, म्हणजे त्या घराचा गाडा कसा चालतो हे सांगावयास नको. माणसांच्या बाबतीत कोणी वडीलधारे मध्ये पडते, दोन शब्द सुनावते आणि समेट होतो. परंतु घरातील यंत्रांचेच एकमेकांशी पटेनासे झाले तर मध्ये कोणी पडावयाचे? गेल्या दिवाळीच्या सुट्टीत असा एक समेट घडवून आणण्याचे काम आम्हां नववीच्या वर्गातील तिघांवर येऊन पडले. त्यातून आम्ही जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्यापैकी एकीचे घर बेळगावात शहापूर भागात आहे. घरी तिचे आईवडील, ती आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. आजींना काचबिंदूमुळे फार अंधुक दिसते आणि कानांनाही आता थोडे कमी ऐकू येते. दुपारी चार वाजता नाट्यपदांचा किंवा कीर्तनाचा कार्यक्रम ऐकणे हा त्यांचा नेम. तो त्यांना नीट ऐकू यावा म्हणून त्यांच्या मुलाने हौसेने मोठा टीव्ही आणला, त्याच्या जोडीला लांबट पेटीसारखा ध्वनिवर्धक, म्हणजे ज्याला बाजारात साउंडबार म्हणतात तो आणला. वाहिन्यांसाठी सेट-टॉप बॉक्स होताच. जुनी चित्रपटांची तबकडी लावण्याचे यंत्रही होते. यंत्रे चार झाली आणि त्यांच्याबरोबर रिमोटही चार झाले.

एके दिवशी दुपारी घरात कोणी नसताना आजींच्या हातून भलतेच बटण दाबले गेले. पडदा निळा झाला, त्यावर काही अक्षरे उमटली. ती त्यांना वाचता येईनात. त्यांनी एकामागून एक चारही रिमोट दाबून पाहिले. परिणाम एवढाच झाला की, जे चालू होते तेही बंद पडले. सायंकाळी सात वाजता सूनबाई घरी परतल्या तेव्हा आजी काळोखात स्वस्थ बसून होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "घर माझंच गं, पण आता बसल्या जागी या चौघांची परवानगी घ्यावी लागते." आमच्या मैत्रिणीने हे वर्गात सांगितले आणि आम्ही तिघांनी ठरविले की, आजींच्या हाती चारांऐवजी एकच रिमोट द्यावयाचा.

काम सोपे वाटले होते. ते तसे नव्हते. म्हणून प्रथम रिमोट, म्हणजेच दूरनियंत्रक, ही वस्तू मुळात काय आहे ते समजून घेणे प्राप्त झाले.

दूरदर्शन संच बसल्या जागेवरून चालविण्याची कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० साली 'लेझी बोन्स', म्हणजे 'आळशी', अशा गमतीदार नावाचा नियंत्रक विकावयास काढला. तो संचाला लांब तारेने जोडलेला असे, आणि दिवाणखान्यातून जाता-येता माणसे त्या तारेत पाय अडकून ठेचकाळत. १९५५ साली त्याच कंपनीच्या यूजीन पॉली यांनी तार काढून टाकली. त्यांच्या 'फ्लॅश-मॅटिक'मधून विजेरीसारखा प्रकाशझोत निघे व पडद्याच्या चार कोपऱ्यांवरील प्रकाशग्राही घटांपैकी हव्या त्या घटावर तो पाडावयाचा असे. पण सूर्यप्रकाशही शेवटी प्रकाशच! उन्हाची तिरीप कोपऱ्यावर पडली की संच आपल्या मनाने वागू लागे. लगेच पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, रॉबर्ट ॲडलर यांनी ध्वनीचा उपाय योजला. त्यांच्या नियंत्रकात ॲल्युमिनियमच्या चार लहान कांड्या होत्या. बटण दाबताच एक हातोडी कांडीवर आपटे आणि मनुष्याच्या कानाला ऐकू न येणारा अतिसूक्ष्म नाद निघे. संच तो ओळखी. या नियंत्रकाला विजेरीची बॅटरीही लागत नसे. पुढे १९८० च्या सुमारास या ध्वनीची जागा अवरक्त किरणांनी घेतली व आज घराघरांतील बहुसंख्य रिमोट त्यांच्यावरच चालतात.

हे अवरक्त किरण विल्यम हर्शेल यांनी १८०० साली शोधून काढले. लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात त्यांनी उष्णतामापक ठेवून पाहिले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तेथेही पारा चढलेला आढळला. रिमोटच्या टोकाला जो लहानसा दिवा असतो तो असाच न दिसणारा प्रकाश फेकतो. त्याची तरंगलांबी बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपास असते. आपला डोळा सुमारे ७०० नॅनोमीटरच्या पुढे जवळजवळ आंधळाच होतो. वाचकांना याची प्रचीती घरबसल्या घेता येईल. मोबाइल फोनचा पुढचा कॅमेरा चालू करून त्याच्यासमोर रिमोट धरावा आणि बटण दाबावे. डोळ्यांना न दिसणारा दिवा फोनच्या पडद्यावर जांभळट रंगात लुकलुकताना बहुधा दिसेल. रिमोटची बॅटरी जिवंत आहे की नाही, हे ठरविण्याचीही ही उत्तम युक्ती आहे.

आता कोणी विचारील की, उन्हातही अवरक्त किरण असतात, मग फ्लॅश-मॅटिकसारखा घोटाळा आज का होत नाही? याचे कारण असे की, रिमोटचा दिवा नुसता पेटत नाही. तो पेटलेला असताना एका सेकंदात सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो. संचाचा 'डोळा' तेवढ्याच वेगाने लुकलुकणारा प्रकाश निवडून घेतो व उन्हाच्या स्थिर प्रकाशाकडे दुर्लक्ष करतो. जत्रेच्या कोलाहलात आई जसा आपल्या मुलाचा आवाज ओळखते, त्यातलाच हा प्रकार.

या लुकलुकण्याचे लहान-मोठे हप्ते पाडून संदेश लिहिला जातो. एनईसी या जपानी कंपनीने रूढ केलेली पद्धत उदाहरणादाखल घेऊ. आरंभी ९ मिलिसेकंदांची लांब लकेर येते; ती जणू 'ऐका हो ऐका' अशी दवंडी. मग साडेचार मिलिसेकंद शांतता. त्यानंतर आठ अंकांचा पत्ता, म्हणजे संदेश कोणत्या यंत्रासाठी आहे ते. आणि आठ अंकांची आज्ञा, म्हणजे त्याने काय करावयाचे ते. चूक होऊ नये म्हणून पत्ता आणि आज्ञा दोन्ही पुन्हा एकदा उलट करून पाठविली जातात. हे सारे सुमारे ६८ मिलिसेकंदांत आटोपते. थोडक्यात, रिमोटचे प्रत्येक बटण म्हणजे पत्ता लिहिलेले एक पोस्टकार्ड होय. टीव्हीच्या नावाचे कार्ड साउंडबारच्या हाती पडले तरी तो ते फाडून फेकतो. आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या पत्ते लिहिण्याच्या रीतीही निरनिराळ्या. म्हणूनच चार यंत्रांना चार रिमोट लागतात.

यावर पहिला उपाय सुचतो तो असा की, चारही यंत्रांची पोस्टकार्डे एकाच रिमोटमध्ये भरून ठेवावीत. असे रिमोट बाजारात मिळतात. काहींमध्ये अनेक कंपन्यांचे संकेत आधीच साठविलेले असतात. आपण आपल्या यंत्राचा क्रमांक तेवढा द्यावयाचा. दुसरा प्रकार 'शिकणाऱ्या' रिमोटचा. जुना रिमोट त्याच्यासमोर तोंडाला तोंड लावून धरावयाचा, जुन्याचे बटण दाबावयाचे, आणि नव्याने ते लुकलुकणे पाठ करून आपल्या एका बटणात ठेवावयाचे. आम्ही या दुसऱ्या प्रकारचा, मोठ्या बटणांचा एक रिमोट आणला. एका बटणात अनेक आज्ञा एकापाठोपाठ गुंफण्याचीही सोय त्यात होती. आम्ही मोठ्या उत्साहाने एका तांबड्या बटणात टीव्ही, साउंडबार आणि सेट-टॉप बॉक्स या तिघांच्या 'पॉवर' आज्ञा भरल्या. बटण दाबले, तिन्ही यंत्रे जागी झाली. आम्ही टाळ्या वाजविल्या, आजींच्या हातचे लाडू खाल्ले आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजींनी तेच बटण दाबले. टीव्ही लागला, साउंडबार लागला, आणि सेट-टॉप बॉक्स मात्र बंद पडला. कारण तो आदल्या रात्रीपासून चालूच राहिला होता!

येथे या विषयाचे मर्म आहे. बहुतेक यंत्रांना 'चालू हो' आणि 'बंद हो' या दोन निराळ्या आज्ञा नसतात. एकच आज्ञा असते, 'आहेस त्याच्या उलट हो'. आमच्या कवायतीच्या सरांनी 'सावधान' आणि 'विश्राम' हे दोन शब्द सोडून केवळ 'उलट' असा एकच हुकूम द्यावयाचे ठरविले, तर काय होईल? सर्व मुले एका स्थितीत असतील तोवर ठीक. पण एखादा गडी चुकून आधीच विश्रामात उभा असला, तर तो जन्मभर इतरांच्या विरुद्ध उभा राहील, आणि हुकूम जितके अधिक तितका गोंधळ अधिक. शिवाय अवरक्त रिमोट फक्त बोलतो. त्याला ऐकू येत नाही. समोरचे यंत्र जागे आहे की झोपलेले, त्याला आपला हुकूम पोचला की नाही, हे त्याला कधीच कळत नाही. डोळे मिटून कवायत घेणाऱ्या मास्तरांसारखी त्याची स्थिती असते.

आम्ही हिरमुसले होऊन विज्ञानाच्या सरांकडे गेलो. सरांनी आम्हांस रिमोटविषयी काहीच विचारले नाही. ते म्हणाले, "कोणती तार कोठून कोठे जाते, त्याचा कागदावर नकाशा काढून आणा." आम्ही संचामागे शिरून, कोळ्यांची जाळी झाडून, नकाशा काढला. तेव्हा दिसले की, टीव्हीकडून साउंडबारकडे आवाज एका काचतंतूसारख्या बारीक तारेने जात होता. त्या तारेतून ध्वनी जातो, पण एका यंत्राचा निरोप दुसऱ्यास जात नाही. सर म्हणाले, "ही दोघे शेजारी राहतात, पण त्यांचे बोलणे नाही. त्यांना बोलते करा."

यंत्रांना बोलते करण्याची सोय एचडीएमआय या तारेत आहे. या तारेचा पहिला आराखडा २००२ साली प्रसिद्ध झाला. तिच्या टोकाला १९ टाचण्या असतात. त्यांतील बहुतेक चित्र आणि ध्वनी यांच्या वाहतुकीत गुंतलेल्या असतात. परंतु तेरावी टाचणी केवळ यंत्रांच्या आपसातील बोलण्यासाठी राखून ठेवली आहे. या बोलण्याच्या रीतीला 'सीईसी' असे संक्षिप्त नाव आहे. तेथे प्रत्येक यंत्राला भूमिकेप्रमाणे एक क्रमांक मिळतो. टीव्हीचा क्रमांक नेहमी ०, ध्वनियंत्राचा ५, तबकडी वाजविणाऱ्या पहिल्या यंत्राचा ४. आणि १५ या क्रमांकावर निरोप धाडला तर तो सर्वांनी ऐकावयाचा. बोलण्याचा वेग फारच सावकाश, सेकंदाला सुमारे ४०० अंक एवढाच. पण 'सर्वांनी झोपावे' हा निरोप इतका लहान असतो की तो सेकंदाच्या विसाव्या भागात सांगून होतो.

या रीतीचे दोन गुण आम्हांस विशेष वाटले. पहिला असा की, येथे 'झोपा' म्हणजे झोपाच. जो आधीच झोपला आहे तो त्या निरोपाने उठून बसत नाही. दुसरा असा की, निरोप पोचल्याची खूण परत मिळते आणि एक यंत्र दुसऱ्यास 'तू जागा आहेस काय?' असे विचारूही शकते. रिमोटजवळ जे दोन गुण नाहीत तेच नेमके येथे आहेत.

मात्र एक दोष सांगितला पाहिजे. सीईसीचे कोणते निरोप आपल्या यंत्राने पाळावयाचे, हे बरेचसे कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेले आहे. आणि प्रत्येक कंपनीने या एकाच गोष्टीचे आपापल्या घरी निराळे बारसे केले आहे. सॅमसंग तिला 'ॲनीनेट प्लस' म्हणते, सोनी 'ब्राव्हिया सिंक', एलजी 'सिम्पलिंक', पॅनासॉनिक 'व्हिएरा लिंक'. सेटिंगच्या यादीत 'सीईसी' हा शब्द शोधणाऱ्यास तो कित्येकदा सापडत नाही, तो यामुळेच. पुष्कळ घरी ही सोय संचात असूनही बंद पडून राहिलेली असते.

आम्ही मग पुढीलप्रमाणे काम केले. साउंडबारची जुनी तार काढून त्याला एचडीएमआय तारेने टीव्हीच्या 'एआरसी' असे लिहिलेल्या खाचेत जोडले. २००९ साली आलेल्या या सोयीमुळे टीव्हीचा आवाज त्याच तारेतून उलट दिशेने साउंडबारकडे जातो. ही खाच बहुधा एकच असते. शेजारच्या खाचेत तार लावली तर आवाज येत नाही. त्यानंतर टीव्ही आणि साउंडबार या दोघांच्याही सेटिंगमध्ये जाऊन ती बोलण्याची सोय चालू केली. शेवटी सर्व प्लग काढून काही मिनिटे थांबलो व प्रथम टीव्ही, मग इतर यंत्रे या क्रमाने पुन्हा लावली, म्हणजे ज्याला त्याला आपला क्रमांक नव्याने मिळावा.

आता टीव्ही लावताच साउंडबार आपोआप जागा होऊ लागला, आणि टीव्हीच्या रिमोटने आवाज वाढविला की साउंडबारचाच आवाज वाढू लागला. तबकडीचे यंत्रही या मंडळात सामील झाले. राहिला सेट-टॉप बॉक्स. तो तारेने जोडलेला होता, परंतु त्याला ही भाषाच येत नव्हती. त्याची 'उलट हो' ही आज्ञा तर आम्हांस नको होती. बराच वेळ बटणे दाबून पाहताना आमच्या मैत्रिणीच्या ध्यानात आले की, तो झोपलेला असताना वाहिनीच्या क्रमांकाचे बटण दाबले तरी जागा होतो. आणि जागा असताना तेच बटण दाबले तर नुसती वाहिनी बदलते. म्हणजे क्रमांकाचे बटण ही त्याच्यापुरती 'सावधान'ची आज्ञाच ठरली. तो कोणत्याही स्थितीत असो, शेवटी व्हावयाचे ते एकच!

तेव्हा आम्ही शिकणाऱ्या रिमोटमधील आधीची सारी गुंफण पुसून टाकली. तांबड्या बटणात केवळ टीव्हीची आज्ञा ठेवली. साउंडबार टीव्हीच्या मागोमाग जातोच. आवाजाची दोन बटणे टीव्हीकडून शिकविली व क्रमांकाची बटणे सेट-टॉप बॉक्सकडून. रात्री निजण्यापूर्वी सूनबाई सेट-टॉप बॉक्स त्याच्या स्वतःच्या रिमोटने बंद करतात. तो अहोरात्र चालू राहिला आणि १० वॅट वीज घेतो असे धरले, तरी महिन्याला ७ युनिटांहून थोडा अधिक खर्च होतो, तेव्हा हा नेम बरा. आरंभी एका कळीत अनेक आज्ञा गुंफण्याचा आमचा बेत होता. शेवटी एका कळीत एकच आज्ञा राहिली, आणि म्हणूनच ती चुकत नाही.

तरीही तिसऱ्या दिवशी तक्रार आली: तांबडे बटण कधी चालते, कधी नाही. या वेळी आम्ही आजींच्या खुर्चीत, त्या बसतात तसे बसून पाहिले. टीव्हीचा अवरक्त किरण पाहणारा डोळा त्याच्या खालच्या काठाला होता आणि साउंडबार नेमका त्याच्यापुढे आडवा उभा होता. आम्ही उभे राहून बटण दाबीत होतो, म्हणून किरण वरून पोचत होते. आजी बसून दाबीत, त्या वेळी ते अडत. साउंडबार फळीवरून खालच्या कप्प्यात ठेवला आणि तक्रार मिटली. ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांच्या जागी बसून एकदा पाहिले पाहिजे, ही गोष्ट कोणत्याही पुस्तकाने आम्हांस इतक्या स्पष्टपणे शिकविली नसती.

आणखी एक गोष्ट आजींनीच सुचविली. आम्ही बटणांचे रंग त्यांना समजावून सांगत होतो. त्या म्हणाल्या, "बाळांनो, रंग मला कुठले दिसायला? हाताला कळेल असं काही करा." बहुतेक रिमोटवर ५ या अंकावर एक बारीक उंचवटा असतो, तो याचसाठी. आम्ही तांबड्या बटणावर घट्ट डिंकाचा एक थेंब वाळवून फुगवटा केला आणि आवाज वाढविण्याच्या बटणावर दोन. त्यांच्या वाहिनीचा क्रमांक त्यांना पाठ आहे. ५ चा उंचवटा सापडला की बाकीचे अंक त्यांची बोटे आपोआप शोधतात.

ही व्यवस्था कायमची आहे असा आमचा दावा नाही. उद्या नवे यंत्र आले की नवे बोलणे शिकवावे लागेल. अवरक्ताऐवजी रेडिओलहरींवर चालणारे रिमोट आता पुष्कळ निघाले आहेत. भिंतीआडूनही ते चालतात. सारी यंत्रे एकाच रिमोटखाली आणणारी 'हार्मनी' ही लॉजिटेक कंपनीची मालिका एके काळी फार नावाजलेली होती. तिचे उत्पादन २०२१ साली थांबले. वस्तू येतात आणि जातात. परंतु तारांचा नकाशा काढणे, प्रत्येक आज्ञा 'उलट हो' या जातीची आहे की 'सावधान' या जातीची हे पाहणे, आणि वापरणाऱ्याच्या खुर्चीत बसून तपासणे, या तीन गोष्टी कोणत्याही यंत्राच्या बाबतीत उपयोगी पडतील असे आम्हांस वाटते. आमच्या वाचकांच्या घरी कोणी आजी-आजोबा दुपारचे एकटे असतील, तर सुट्टीतील एक दिवस या कामी अवश्य खर्च करावा.

तारांचा तो नकाशा आम्ही मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहून आजींच्या घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटविला आहे. उरलेले तीन रिमोट त्याच कपाटात एका डब्यात ठेवले आहेत; चौथा, सेट-टॉप बॉक्सचा, सूनबाईंजवळ असतो. परवा दुपारी आम्ही सहज तिकडे गेलो, तेव्हा बाहेरूनच नाट्यपदाचे सूर ऐकू आले. दार उघडावयास आजींना थोडा वेळ लागला. कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी आवाज कमी केला, मग उठले. आता येतो ना मला कमी करता!"